मान, गळा आणि घसा : मानेतील खोल प्रावरणीच्या परिभाषेची चिकित्सा

१

शारीरशास्त्राच्या विद्यार्थ्याला मानेतील खोल प्रावरणीचे प्रकरण नेहमीच अवघड वाटत आले आहे. हाडाला आकार असतो, स्नायूला आरंभ व शेवट असतो, रक्तवाहिनीला मार्ग असतो. प्रावरणी म्हणजे या सर्वांच्या भोवती व मधून पसरलेले संयोजी ऊतीचे थर. ते कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, किती मानावयाचे आणि कोणत्या नावाने ओळखावयाचे, याविषयी ग्रंथकारांचे एकमत क्वचितच आढळते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद मालगेन याने अशी तक्रार नोंदवून ठेवली आहे की, मानेची प्रावरणी प्रत्येक नव्या लेखकाच्या हातून नवेच रूप धारण करते. ही तक्रार शरीराविषयी जितकी आहे तितकीच ती वर्णनाच्या भाषेविषयी आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रांतात पाऊल टाकावयाचे ते एवढ्याच अधिकाराने.

प्रस्तुत लेखात रोगनिदानाचे अथवा उपचाराचे नवे प्रतिपादन करण्याचा हेतू नाही. शारीरशास्त्राने जे निश्चित केले आहे ते गृहीत धरून, ते सांगण्यासाठी मराठीत जे पारिभाषिक शब्द वापरले जातात ते कितपत कामाचे आहेत, आणि रुग्णाच्या तोंडी असलेल्या शब्दांशी त्यांचे नाते काय आहे, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. उदाहरणांसाठी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील बोली समोर ठेविली आहे. या निवडीला कारण आहे. या जिल्ह्यात वैद्यकाच्या दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात. नगर शहरात गंगाधरशास्त्री गुणे यांच्या प्रयत्नाने १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय निघाले आणि तेथे शारीराचे शिक्षण संस्कृत संज्ञांतून होऊ लागले. प्रवरा परिसरातील लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तेथील अध्यापन इंग्रजीतून चालते. या दोन्ही ठिकाणी येणारा रुग्ण मात्र तिसरीच भाषा बोलतो. अकोल्याच्या डोंगरातून अथवा पाथर्डी-शेवगावकडून आलेला शेतकरी ‘प्रावरणी’ म्हणत नाही आणि ‘फॅसिया’ही म्हणत नाही. तो ‘मान’, ‘गळा’, ‘घसा’, ‘नरडे’ असे शब्द वापरतो. या शब्दांत काही शारीरिक ज्ञान साठविलेले आहे काय, आणि असल्यास आपली परिभाषा ते जपते की गमाविते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

२

प्रथम शारीराची मांडणी थोडक्यात ध्यानी घ्यावयास हवी. त्वचेखालील मेदयुक्त थर ओलांडला की खोल प्रावरणी लागते. तिचे सामान्यतः तीन पदर मानतात आणि त्यांच्या जोडीला रक्तवाहिन्यांचे एक आवरण सांगतात.

पहिला पदर सर्वांत बाहेरचा. तो गळपट्ट्याप्रमाणे मानेला सर्व बाजूंनी वेढतो. मागे तो मानेच्या मणक्यांच्या काट्यांना व त्यांवरील बंधाला चिकटलेला असतो. वर कवटीचा मागील भाग, कानामागील हाड आणि खालच्या जबड्याची कडा येथे, तर खाली उरोस्थी, जत्रुकास्थी व खांद्याचे हाड येथे तो बांधला जातो. वाटेत तो दुभंगून पाठीवरील ट्रॅपेझियस स्नायूला आणि कानामागून उरोस्थीकडे तिरपा उतरणाऱ्या स्टर्नोमॅस्टॉइड स्नायूला आपल्यात घेतो. कानापुढची व जबड्याखालची लालाग्रंथी यांचे वेष्टणही त्याचेच. गालगुंडात कानाजवळची ग्रंथी सुजली असता इतक्या तीव्र वेदना होतात, कारण हे वेष्टण ताठ असते आणि सूज पसरण्यास जागा देत नाही.

दुसरा पदर श्वासनलिकेच्या पुढचा. तो अवटू ग्रंथीला वेढतो, वर स्वरयंत्राशी निगडित असतो आणि खाली छातीत उतरून हृदयाच्या आवरणात मिसळतो. घोट गिळताना गलगंडाची गाठ वर सरकते ती ग्रंथी अशी स्वरयंत्राला जखडलेली असते म्हणून. तिसरा पदर मणक्यांच्या पुढचा. मणक्यांना लागून असलेले स्नायू त्याच्या मागे राहतात. काखेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांच्याबरोबर तो नळीसारखा बाहेर पडतो. मानेच्या दोन्ही बाजूंस मुख्य रोहिणी, मुख्य नीला आणि व्हेगस मज्जातंतू यांना एकत्र ठेवणारे आवरण असते.

या मांडणीमुळे मानेचे विभाग पडतात. मागे मणके व स्नायू यांचा विभाग. पुढे घशाची पोकळी, अन्ननलिका, स्वरयंत्र, श्वासनलिका व अवटू यांचा विभाग. आणि दोन बाजूंस रक्तवाहिन्यांचे दोन विभाग. वैद्यकीय दृष्ट्या प्रावरणीचे महत्त्व येथे आहे. पू, रक्त अथवा हवा मानेत साचली तर ती कोणत्याही दिशेने पसरत नाही. पदरांनी आखून दिलेल्या वाटांनीच ती जाते.

३

आता संज्ञांकडे वळू. ‘फॅसिया’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ पट्टी, गुंडाळण्याची कापडी पट्टी असा आहे. त्याला संस्कृतावर आधारलेल्या परिभाषेत ‘प्रावरणी’ हा प्रतिशब्द मिळाला व तो हिंदीप्रमाणे मराठीतही रूढ झाला. ‘प्रावरण’ म्हणजे अंगावर घ्यावयाचे वस्त्र. पट्टीच्या जागी पांघरूण आले. दोन्ही रूपके कापडाचीच आहेत, तथापि त्यांत एक भेद आहे. पट्टी बांधते, अवयवांना धरून ठेवते आणि दोन वेढ्यांच्या मध्ये जागा सोडते. पांघरूण केवळ झाकते. ‘प्रावरणी’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात झाकण्याचे एकच कार्य उभे राहते. विभागणी करण्याचे व वाट काढून देण्याचे कार्य त्यात सुचत नाही.

विशेषणांची स्थिती याहून वेगळी नाही. इंग्रजीतील ‘डीप’साठी ‘गभीर’ हा शब्द योजला जातो. व्युत्पत्तीने तो निर्दोष आहे. परंतु मराठी कानाला ‘गभीर’ व ‘गंभीर’ यांतील अंतर एका अनुस्वाराचे आहे आणि रुग्णालयात ‘गंभीर’ हा शब्द रोज दुसऱ्याच अर्थाने वापरला जातो. ‘खोल’ या शब्दाने हेच काम निःसंदिग्धपणे होत असता तो टाळण्याचे कारण दिसत नाही. ‘ग्रीवा’ या संज्ञेने तर अधिक गोंधळ होतो. गर्भाशयाच्या मुखाशी असलेल्या भागालाही आपण ‘गर्भाशय-ग्रीवा’ म्हणतो. इंग्रजीतील ‘सर्व्हायकल’ या शब्दाची द्व्यर्थता आपण पदरमोड करून विकत घेतली आहे.

संज्ञेमुळे वस्तूचे वर्णन कसे वाकते, याचे एक बोलके उदाहरण पहिल्या पदराचे आहे. मानेला सर्व बाजूंनी वेढणारा, अशा अर्थाचे विशेषण त्याला इंग्रजीत मिळाले. ग्लासगोच्या ॲलन बर्न्सने १८११ मध्ये मानेच्या शल्यशारीरावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या आकृत्यांमधून हा पदर सलग वर्तुळाप्रमाणे काढला जात होता. २००२ मध्ये झांग व ली या संशोधकांनी मानेच्या पातळ छेदांचे सूक्ष्म निरीक्षण करून असे दाखविले की, स्टर्नोमॅस्टॉइड आणि ट्रॅपेझियस या दोन स्नायूंच्या मधल्या भागात असा सलग पदर आढळत नाही. म्हणजे ‘वेढणारा’ हे विशेषण आकृतीतील रेषेला लागू होते, तितके ते प्रत्यक्ष ऊतीला होत नाही. शारीराच्या आंतरराष्ट्रीय नामावलीची १८९५ मध्ये बाझल येथे, १९५५ मध्ये पॅरिस येथे आणि पुन्हा १९९८ मध्ये जी पुनर्रचना झाली, ती पाहता नावे ही वेळोवेळी दुरुस्त करावयाची गोष्ट आहे हे शास्त्राने स्वतःच मान्य केले आहे. मग मराठी प्रतिशब्द तेवढे एकदा छापले की अढळ, असे मानण्यात अर्थ नाही.

४

संस्कृत वैद्यकाकडे पाहिले असता एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानी येते. परिभाषाकारांनी संस्कृताकडे वळताना तेथील अधिक उपयुक्त कल्पना मागे ठेवली आहे. सुश्रुताने शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सात कला सांगितल्या आहेत. धातू व आशय यांच्या मधली मर्यादा, अशी कलेची व्याख्या तेथे केली आहे. पहिली कला मांसधरा. चिखलात कमळाचे देठ व तंतू जसे चोहीकडे पसरतात, तशा तिच्या आश्रयाने मांसात शिरा, स्नायू व धमन्या पसरतात, असा दृष्टान्त दिला आहे. आयुर्वेदाच्या अध्यापकांनी मांसधरा कलेची तुलना खोल प्रावरणीशी केली आहे. ही तुलना पूर्णांशाने टिकेल असे नाही. दोन काळांच्या दोन शास्त्रांतील संज्ञा एकास एक जुळत नाहीत. तथापि ‘मर्यादा’ आणि ‘आश्रय’ या दोन कल्पना प्रावरणीच्या कार्याला ‘पांघरूण’ या कल्पनेपेक्षा कितीतरी जवळच्या आहेत, एवढे तरी मान्य करावे लागेल.

दुसरी गोष्ट रोगनामांची. संस्कृत वैद्यकाने मानेच्या सर्व विकारांना ‘ग्रीवा’ हे एकच नाव लावलेले नाही. मान आखडण्याला ‘मन्यास्तंभ’ म्हटले आहे. पुढील बाजूस वाढणाऱ्या गाठीला ‘गलगंड’ म्हटले आहे. आतील विकार ‘कंठरोग’ म्हणून मुखरोगांत वेगळे मोजले आहेत. सुश्रुताच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एका स्वतंत्र अध्यायात आहे. मन्या, गल आणि कंठ या तीन शब्दांनी तीन निरनिराळे प्रदेश दाखविले जात होते. अर्वाचीन परिभाषेने यांपैकी एकही न घेता सर्वांवर ‘ग्रीवा’ पसरली. प्राचीनत्वाच्या आदराने केलेल्या निवडीत प्राचीनांचा विवेकच सुटला, असे म्हणावयास हरकत नाही.

५

हा विवेक बोलीत मात्र टिकून आहे. ‘मान’ हा शब्द संस्कृत ‘मन्या’ याचा तद्भव आहे, आणि ‘मन्या’प्रमाणेच त्याचा रोख मागील भागाकडे, आधार व हालचाल यांकडे आहे. मान डोलते, वळते, वाकते, अवघडते. मानेवर ओझे येते. ‘गळा’ हा ‘गल’ शब्दापासून आला असून त्याचा रोख पुढील बाजूकडे आहे. गळा दाटतो, सुजतो. गळ्यात माळ पडते. गळा गोड असतो. ‘घसा’ आत आहे. तो कोरडा पडतो, बसतो, खवखवतो, खाकरता येतो. ‘नरडे’ म्हणजे श्वासाची नळी व तिच्या लगतचा भाग. ते दाबले की जीव जातो. ‘मानगूट’ ही मानेची पाठीकडची बाजू.

भाषाशास्त्रात शब्दांचे अर्थक्षेत्र ठरविण्यासाठी आपण एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून पाहतो. येथे तो प्रयोग करून पाहावा. ‘घसा डोलावला’, ‘मान खवखवते’, ‘गळ्यावर जू ठेवले’ ही वाक्ये या जिल्ह्यातील कोणीही मराठी भाषक स्वीकारणार नाही. बैलाचेच उदाहरण घेतले तर जू त्याच्या मानेवर असते आणि घुंगरमाळ त्याच्या गळ्यात असते. अवयव एक, पण त्याच्या दोन बाजूंना दोन नावे, आणि त्यांची अदलाबदल होत नाही. शारीराने मागचा मणक्यांचा विभाग आणि पुढचा श्वास-अन्नमार्गाचा विभाग असा जो भेद केला, तोच भेद ‘मान’ आणि ‘गळा’ या शब्दांच्या वापरात स्पष्ट उमटला आहे. पुढच्या विभागात पुन्हा बाहेरचा गळा, आतला घसा व हवेचे नरडे असे पोटभेद आहेत.

मराठीचे हे सामर्थ्य आजचे नाही. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायात योगातील जालंधर बंधाचे वर्णन आहे, आणि त्यात कंठनाळ, घंटिका व हनुवटी यांचा निर्देश त्यांच्या परस्परसंबंधांसह निरनिराळा केलेला आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी या भाषेला जे वेगळे करून सांगता येत होते, ते आजच्या कोशात एका ‘ग्रीवे’त मिसळावे, हे खेदाचे आहे.

बोलीच्या या वर्गीकरणाची मर्यादाही सांगावयास हवी. रक्तवाहिन्यांच्या विभागाला बोलीत स्वतंत्र नाव नाही. ‘शीर’ हा एकच शब्द नीला, रोहिणी, मज्जातंतू आणि कधी स्नायूचा कंडरा यांनाही लावला जातो. ‘शीर आखडली’ म्हणणाऱ्याच्या मनात यांपैकी काय आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. तसेच ‘गळा’ हा शब्द आवाजासाठीही येतो. बोलीला शास्त्र मानावे असे येथे सुचवावयाचे नाही. बोलीतील भेद ही निदानाची सूचना असते, निदान नव्हे.

६

ही सूचना किती मोलाची असते, हे एका वाक्यावरून दिसेल. नगर जिल्ह्यातील एखादी आई आरोग्य केंद्रात येऊन सांगते, “बाई, पोराचा घसा दुखत व्हता, आता मान बी वळंना, आन् लाळ गळती.” या वाक्यात ‘घसा’ आणि ‘मान’ असे दोन शब्द आले आहेत आणि ‘आता’ या अव्ययाने त्यांच्यातील क्रम सांगितला आहे. विकार आतल्या विभागात होता. मागल्या विभागाची लक्षणे त्यानंतर उमटली. लहान वयात घशाच्या मागे काही लसीका ग्रंथी असतात व पुढे त्या बहुतांशी झिजून जातात. घशातील संसर्गाने त्या पिकल्या तर घशाच्या मागे गळू होते. मूल मान ताठ धरते, गिळत नाही, तोंडातून लाळ गळते, आवाज दबका येतो, श्वासाला अडथळा होऊ लागतो. असे मूल विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे. आईने हे सारे सांगितले. परंतु नोंदवहीत घसा व मान यांची मिळून इंग्रजीत ‘मानेत वेदना’ एवढीच नोंद झाली, तर तिच्या वाक्यातील क्रम आणि स्थान या दोन्ही गोष्टी नाहीशा होतात. भाषांतराच्या एका ओळीत निदानाची वाट बंद होऊ शकते.

घशाच्या मागे असलेल्या या जागेचे महत्त्व १९३८ मध्ये ग्रोडिन्स्की व होलिओक यांच्या विच्छेदनांनी विशेष स्पष्ट झाले. घशाची पोकळी आणि मणक्यांपुढचा पदर यांच्या मध्ये आणखी एक पातळ पदर असतो. त्याच्या पुढे एक फट आणि मागे दुसरी. मागची फट कवटीच्या तळापासून छाती ओलांडून थेट श्वासपटलापर्यंत उतरते. तिच्यात पू उतरला तर दोन फुफ्फुसांच्या मधला भाग दूषित होतो व प्राणावर बेतते. इंग्रजीत तिला जे नाव मिळाले त्याचा सरळ अर्थ ‘धोक्याची जागा’ असा आहे. इंग्रजीत शास्त्रज्ञांना येथे घरगुती शब्द वापरण्याचा संकोच वाटला नाही, ही गोष्ट आपल्या परिभाषाकारांनी ध्यानी घेण्याजोगी आहे.

दुसरे उदाहरण दाताचे. खालच्या जबड्यातील दुसऱ्या व तिसऱ्या दाढेची मुळे जिभेखालील स्नायूच्या रेषेच्या खाली पोचतात. तेथील दाढ किडली तर पू जबड्याखालच्या जागेत उतरतो. जिभेखालील भाग लाकडासारखा कठीण होतो, जीभ वर व मागे ढकलली जाते आणि श्वास कोंडतो. स्टुटगार्टच्या लुडविग याने १८३६ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि त्याचे नाव त्या विकाराला मिळाले. ‘दाढ दुखत होती, आता जिभेखाली सुजले’ हे रुग्णाचे वाक्य त्या वर्णनाचे सार आहे.

तिसरे उदाहरण क्षयाचे. मानेतील लसीका ग्रंथींच्या क्षयाला लोक ‘गंडमाळा’ म्हणतात. खोल प्रावरणीच्या आत असलेली ग्रंथी पिकते, पू पदराला लहानसे भोक पाडून बाहेर येतो आणि त्वचेखाली दुसरा साठा होतो. सदऱ्याच्या काढघालीच्या गुंडीला जशा दोन चकत्या व मध्ये बारीक दांडी असते, तसा त्याचा आकार होतो. वरचा फुगवटा फोडून पू काढला तरी आतली चकती शिल्लक राहते, आणि म्हणूनच केवळ वरची गाठ फोडण्याने गंडमाळ बरी होत नाही. क्षयावरील औषधांचा पूर्ण क्रम घेणे अटळ ठरते. मानेच्या मणक्याच्या क्षयात पू मणक्यांपुढच्या पदराच्या मागे साचतो. तो मध्यरेषेवर घशात फुगवटा आणतो, किंवा बाजूला सरकून मानेच्या मागील त्रिकोणात, क्वचित काखेतही, प्रकट होतो. ‘गळू’ एकच, पण पदराच्या पुढचे निराळे आणि मागचे निराळे. पुढच्यावर तातडीने शस्त्र चालवावे लागते; मागच्याचे मूळ हाडात असते.

७

या तिन्ही उदाहरणांत खरे कार्य पदरांच्या मधल्या जागांनी केले आहे. परिभाषेत या जागेला ‘अवकाश’ म्हणतात. ‘अवकाश’ या शब्दाने आजच्या विद्यार्थ्याला आकाश आठवते, प्रौढाला सवड आठवते. दोन्हींत मोकळेपणा आहे. मानेतील ही जागा निरोगी स्थितीत मोकळी नसते. दोन पदर एकमेकांना सैलपणे चिकटलेले असतात आणि पू अथवा हवा आत घुसली की ते सुटतात. या वस्तूसाठी बोलीत ‘सांद’ हा शब्द आहे. दोन घरांच्या भिंतींमधल्या अरुंद जागेला सांद म्हणतात. ती कोणी मुद्दाम बांधीत नाही. दोन भिंती उभ्या राहिल्या म्हणजे ती होते. पावसाचे पाणी नेमके तिच्यातून वाट काढते.

पाण्याच्या या उदाहरणाचा आपल्या जिल्ह्याला विशेष परिचय आहे. येथील जमिनीखाली काळ्या पाषाणाचे थरावर थर आहेत. विहीर खणणाऱ्याला हे ठाऊक असते की, घट्ट खडकातून पाणी जात नाही. दोन थरांच्या सांध्यातून व मुरुमातून ते पाझरते, आणि म्हणून वर एका ठिकाणी मुरलेले पाणी खाली दुसऱ्याच ठिकाणी लागते. राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या गावांनी पाणी अडविण्याचे व जिरविण्याचे जे काम केले, ते या पाझराच्या आधाराने. दाढेतील पू गळ्यात, घशातील पू छातीत आणि मणक्यातील पू काखेत का प्रकटतो, हे समजावयास या शेतकऱ्याला ‘अवकाश’ या शब्दाची गरज नाही; ‘सांदीतून पाझरतो’ एवढे पुरे आहे.

थरासाठी कोणता शब्द घ्यावा हाही प्रश्न आहे. ‘पडदा’ दोन दालने वेगळी करतो, पण तो लोंबता असतो, कशालाही चिकटत नाही. ‘पापुद्रा’ वाळलेला, सहज सुटणारा, टाकाऊ असतो. येथे ते सूचन नको. ‘पदर’ हा शब्द सर्वांत योग्य वाटतो. पोळीला पदर सुटतात, दोरीला पदर असतात. पदर मूळ वस्तूपासून तुटलेला नसतो, तरी वेगळा मोजता येतो. तो दुभंगतो आणि पुन्हा एक होतो. प्रावरणीचे वर्तन हुबेहूब असेच आहे. रक्तवाहिन्यांच्या आवरणासाठी ‘खोळ’ पुरेशी आहे. उशीला खोळ असते. आतली वस्तू काढता येते, खोळीचा आकार तिच्यावरून ठरतो.

या विवेचनाचा निष्कर्ष असा की, समग्र संस्थेसाठी ‘खोल प्रावरणी’ ही संज्ञा राहू द्यावी. ती अनेक भारतीय भाषांना समान आहे आणि तो लाभ लहान नाही. परंतु तिच्या घटकांची नावे ‘वेढणारा पदर’, ‘श्वासनलिकेपुढचा पदर’, ‘मणक्यांपुढचा पदर’, ‘रक्तवाहिन्यांची खोळ’, ‘घशामागची सांद’, ‘जबड्याखालची सांद’ आणि ‘धोक्याची सांद’ अशी ठेवावीत. स्थानवाचक नावांत ‘ग्रीवा’ टाळून ‘मान’, ‘गळा’, ‘घसा’ यांचा बोलीतील भेद कसोशीने पाळावा.

यावर दोन आक्षेप संभवतात. वैद्यकाचे विद्यार्थी परीक्षा इंग्रजीत देतात, मग या शब्दांचा उपयोग कोणाला, हा पहिला. याचे उत्तर असे की, परीक्षा इंग्रजीत झाली तरी रुग्णाचे ऐकणे मराठीतच होते. परिचारिका, आशा कार्यकर्त्या, आरोग्यशिक्षणाची पत्रके, शस्त्रक्रियेपूर्वीचे संमतिपत्र आणि आयुर्वेदाची मराठी पाठ्यपुस्तके यांना हे शब्द रोज लागतात. संमतिपत्रावर अंगठा उठविणाऱ्या माणसाला आपल्या शरीरात कोठे काय होणार आहे हे त्याच्या शब्दांत कळणे, हा त्याचा अधिकार आहे. दुसरा आक्षेप असा की, बोलीतील शब्द शिथिल असतात. ते खरे आहे. परंतु कोणताही शब्द व्याख्येने घट्ट होतो, जन्माने नव्हे. ‘फॅसिया’ ही देखील एके काळी साधी पट्टीच होती.

१९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रात परिभाषेचे प्रचंड कार्य झाले आहे, आणि त्याविषयी कृतज्ञता असलीच पाहिजे. त्या कार्याची पुढली पायरी कोशांची संख्या वाढविणे ही नसावी. ज्या शब्दांनी रुग्ण आपले दुखणे सांगतो त्या शब्दांची, जिल्हावार आणि शारीराच्या विभागांनुसार, व्यवस्थित नोंद व्हावयास हवी. मानेपासून आरंभ करावा, कारण तेथे एका बोटाच्या रुंदीत श्वास, अन्न, रक्त आणि मज्जारज्जू यांच्या वाटा शेजारी शेजारी आहेत आणि चुकीची किंमत तेथे फार मोठी पडते. हे काम भाषेच्या विभागाने आणि वैद्यकीय महाविद्यालयाने मिळून करावयाचे आहे. नगर जिल्ह्यात या दोन्हींची उपलब्धता असता त्याचा प्रारंभ येथूनच व्हावा, अशी अपेक्षा करण्यास जागा आहे.